पायावरची सूज: कधी पाय वर करून बसायचं आणि कधी थेट दवाखाना गाठायचा

पायाला सूज आली की घरात पहिला प्रश्न निघतो तो औषधाचा. कुठली गोळी घ्यायची, कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवायचे का, तेल चोळायचं का. त्याआधी चार गोष्टी बघाव्या लागतात आणि त्यासाठी शिवणकामाची टेप, वजनकाटा आणि आपला अंगठा एवढं सामान पुरतं. सूज एका पायाला आहे की दोन्ही? ती काही तासांत आली, दोन-चार दिवसांत, की महिनोन्महिने वाढत गेली? दाबल्यावर खळगा पडतो का? आणि सोबत धाप, ताप, दुखणं, लघवीतला बदल असं काही आहे का? आज रात्रीच निघायचं, या आठवड्यात दाखवायचं, की आधी उठण्याबसण्याची पद्धत बदलून बघायची, हे बहुतेक वेळा या चार उत्तरांवर ठरतं.

ज्यात वाट बघायची नाही

एकच पाय एक-दोन दिवसांत सुजला, पोटरी कडक झाली, चालताना किंवा दाबल्यावर दुखते, हात लावला तर दुसऱ्या पायापेक्षा गरम लागते: यात आतल्या खोल शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. डॉक्टर याला डीव्हीटी म्हणतात. गाठीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर अचानक दम लागतो, श्वास घेताना छातीत कळ येते, खोकल्यातून रक्त पडतं किंवा माणूस चक्कर येऊन पडतो. पाय सुजलेल्या माणसाला असं काही झालं तर १०८ला फोन करा आणि पायाचं नंतर बघा.

दोन्ही पाय सुजलेत आणि आडवं पडलं की घुसमटायला होतं, रात्री एक-दोन तास झोप झाली की धाप लागून उठून बसावं लागतं, खिडकीशी गेल्यावर बरं वाटतं, दोन उशांवर भागेना म्हणून तीन लागायला लागल्या, तर ही हृदय थकल्याची खूण आहे. बसल्याजागी धाप लागत असेल तर त्याच रात्री निघा. ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय ही सरकारी ठिकाणं बहुतेकांना माहीत आहेत. जवळचं खासगी रुग्णालय असेल तर तिथे ईसीजी, ऑक्सिजन आणि आयसीयू आहे ना, एवढं आधी फोनवर विचारून घ्या. घोडबंदर रोडला संध्याकाळच्या गर्दीत अडकलेल्या रिक्षात ऑक्सिजन नसतो. अशा वेळी ॲम्ब्युलन्सची दहा मिनिटं वाट बघणं परवडतं.

गरोदर बाईचा चेहरा आणि हात अचानक सुजले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात किंवा उजव्या बरगडीखाली दुखतं, तर वेळ कुठलीही असो, बीपी लगेच मोजून घ्यायचं. २० आठवड्यांनंतर १४०/९० किंवा त्यावर आलं तर त्याच दिवशी दाखवायचं, १६०/११० असेल तर तडक ॲडमिट. पायाला थोडी सूज बहुतेक गरोदर बायकांना येते, त्यामुळे तीच बघत बसलं की चेहऱ्याकडे लक्ष जात नाही.

अंगठ्याची परीक्षा

संध्याकाळी, दिवसभराचं काम झाल्यावर बसा. नडगीच्या हाडावर, घोट्यापासून चार बोटं वर अंगठा ठेवा आणि दहा सेकंद सारख्या जोराने दाबा. घाईत दोन सेकंद दाबून सोडलं तर पाणी हलतच नाही, खळगा दिसत नाही आणि सूज नाहीच असं वाटतं. नडगीच का? कारण तिथे कातडीखाली लगेच हाड आहे. पोटरीवर दाबलं तर खाली मांस असतं, खळगा धड उमटत नाही. हीच परीक्षा घोट्याच्या आतल्या हाडामागे आणि पावलाच्या वरच्या बाजूला करा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे पाय कोरडे दिसू शकतात. तिथे पाणी माकडहाडाच्या आसपास साठतं, म्हणून कुशीवर वळवून कमरेखाली दाबून बघावं.

साधारण २ मिलिमीटरचा खळगा पडून लगेच भरला तर सूज हलकी. ४ मिलिमीटर पडून भरायला दहा-पंधरा सेकंद लागले तर मध्यम. ६ ते ८ मिलिमीटर खोल, म्हणजे अंगठ्याचा अर्धा मांसल भाग आत जाईल इतका, आणि मिनिटभर किंवा जास्त तसाच राहिला तर सूज बरीच आहे. एक गोष्ट लक्षात असू द्या: खळगा दिसायला लागेपर्यंत अंगात दोन-तीन लिटर जास्तीचं पाणी साठून गेलेलं असतं. म्हणून वजनकाटा अंगठ्याच्या आधी सांगतो. पायाला काही दिसायच्या आधीच काटा वर सरकलेला असतो.

दाबूनही खळगा पडत नाही, कातडी जाडसर आणि घट्ट लागते, तर दोन शक्यता जास्त. एक थायरॉइड कमी असणं. दुसरी लसिकावाहिन्या, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी परत वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, तुंबणं. याला लिम्फेडिमा म्हणतात. दुसरी ओळखायची सोपी खूण अशी: पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी वरची कातडी चिमटीत पकडून बघा. चिमटीत येतच नसेल तर लसिकेची सूज असण्याची शक्यता मोठी. पावलाची वरची बाजू उशीसारखी फुगलेली असेल तर आणखीनच.

टेपने मोजताना चूक कुठे होते

‘डावा पाय जरा मोठा वाटतोय’ यावर कोणालाच काही ठरवता येत नाही. गुडघ्याच्या वाटीच्या खाली हाडाचं टेंगूळ हाताला लागतं. तिथून सरळ १० सेंटिमीटर खाली पेनाने खूण करा आणि दोन्ही पोटऱ्यांचा घेर त्या खुणेवर मोजा. दोहोंत ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आणि तो अलीकडेच आलेला, तर रक्ताची गाठ आहे की नाही ते बघितलंच पाहिजे. खूण न करता डोळ्यांच्या अंदाजाने टेप लावली तर दोन सेंटिमीटर खालीवर होते आणि मापच फिरतं. टेप कातडीला टेकेल इतकीच, रुतेल इतकी आवळू नका. घोट्याचा घेर मोजायचा तर हाडाच्या लगेच वर, सर्वांत बारीक भागात. सकाळी उठल्याउठल्या एकदा आणि रात्री एकदा, असे तीन दिवसांचे आकडे पुरतात. सकाळ-रात्रीत फरक भरपूर आणि सकाळी पाय जवळपास पूर्ववत, तर उभं राहण्याची किंवा शिरांची सूज. सकाळीही तेवढीच, तर आत शोधायला हवं.

वजन रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, तशाच हलक्या कपड्यांत. काटा कडक फरशीवर ठेवा. चटईवर ठेवला तर आकडा चुकतो. तीन दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढलं तर ते जेवणाचं वजन नाही, पाणी आहे. हृदयाचा त्रास आधीपासून असलेल्यांनी हा आकडा फ्रिजवर लिहून ठेवावा आणि तो ओलांडला की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

बायकांच्या पायात आणखी एक मोजमाप कायमचं असतं, ते म्हणजे जोडवी. कालपर्यंत फिरणारं जोडवं आज फिरेना तर ते तेव्हाच काढा, साबणाचा फेस लावून, पाय वर धरून. ‘सौभाग्याचं आहे, राहू दे’ म्हणत दोन दिवस गेले की बोट निळं पडतं आणि सोनाराची कात्री लागते.

एकाच पायाची सूज

डीव्हीटीचा संशय कोणाबाबत जास्त घ्यायचा? गेल्या दोन-तीन महिन्यांत मोठं ऑपरेशन, विशेषतः गुडघ्याचं किंवा खुब्याचं, पायाला प्लास्टर, कॅन्सरचे उपचार, गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या, बाळंतपणानंतरचे सहा आठवडे, आधी कधी झालेली गाठ. पाऊल वर ओढून पोटरी दुखते का बघायची जुनी पद्धत सोडून द्या. तिच्यावर विसंबता येत नाही. निदान होतं पायाच्या शिरांच्या कलर डॉपलर सोनोग्राफीत, ज्यात यंत्राच्या टोकाने (प्रोबने) शीर दाबून ती मिटते का ते बघतात. गाठ असेल तर मिटत नाही. डी-डायमर ही रक्ततपासणी निगेटिव्ह आली आणि संशय कमी असेल तर गाठ जवळपास नाकारता येते. पण ती पॉझिटिव्ह येण्याला संसर्गापासून गरोदरपणापर्यंत दहा कारणं असतात, म्हणून नुसत्या डी-डायमरवर घाबरून जाऊ नका आणि नुसत्या त्यावर रक्त पातळ करायची गोळीही सुरू करू नका. गाठ निघाली तर ही औषधं किमान तीन महिने चालतात. संशय असेतोवर त्या पायाला मालिश नाही, कोणी चेपून देणं नाही, गरम पिशवी नाही.

दुसरं मोठं कारण पावसाळ्यातलं. जूनपासून बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात: कातडी पांढरी, ओलसर, फाटलेली. त्या फटीतून जंतू आत शिरले की पाय लाल, गरम, तुकतुकीत होतो, थंडी वाजून ताप येतो, जांघेत गाठ दुखते. हा सेल्युलायटिस. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून वेळ लिहा. काही तासांत लाली रेघेबाहेर गेली किंवा ताप चढत राहिला तर अँटिबायोटिक गोळ्यांवर भागणार नाही, सलाइनमधून द्यावं लागेल. पायावर फोड आले, कातडी काळीनिळी पडली किंवा दिसतंय त्यापेक्षा दुखणं फारच जास्त आहे, तर सर्जन असलेल्या ठिकाणी तातडीने जा. एक बारकावा: दोन्ही पाय एकाच वेळी सारखेच लाल दिसले तर बहुधा हा संसर्ग नसतो. जुन्या शिरांच्या सुजेतून आलेली कातडीची जळजळ असते आणि तिला अँटिबायोटिकचा उपयोग नाही. चिखल्यांचा बंदोबस्त मात्र स्वस्त आहे. पाय धुवून बेचकं सुती कापडाने टिपा, क्लोट्रिमाझोल मलम दिवसातून दोनदा लावा, बरं दिसल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. ओले बूट दुसऱ्या दिवशी तेच घातले तर मलम वाया.

ठाण्यात वंदना सिनेमाजवळ किंवा कुठल्याही सखल रस्त्यावर गुडघाभर पाण्यातून चालून आल्यावर काही दिवसांत ताप आणि पोटऱ्यांत हात लावू देणार नाही असं दुखणं आलं, तर ते लेप्टोस्पायरोसिस असू शकतं. सूज फारशी नसते, पण लोक ‘पाय भरून आलेत’ म्हणून अंगावर काढतात. पाण्यातून चालल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. पायाला जखम असताना असं पाणी तुडवलं असेल तर ताप येण्याची वाट न बघता प्रतिबंधक गोळीसाठी पुढच्या एक-दोन दिवसांत विचारा.

मधुमेह असेल तर एका धोक्याचा वेगळा उल्लेख हवा, कारण तो नेहमी निसटतो. पाऊल सुजलंय, लाल आहे, दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम आहे, पण फारसं दुखत नाही, जखम नाही, ताप नाही. सुरुवातीच्या एक्स-रेमध्येही काही दिसत नाही. ‘मुरगळला असेल’ म्हणून क्रेप बँडेज बांधून माणूस चालत राहतो आणि आतली हाडं झिजत, मोडत जातात. काही आठवड्यांत पावलाची कमान खाली बसते. याला शार्को फूट म्हणतात. नसा बधिर असल्यामुळे दुखत नाही, आणि दुखत नाही हाच यातला सापळा. त्या पायावर भार टाकणं त्याच दिवसापासून बंद, कुबड्या किंवा व्हीलचेअर घ्यायची आणि मधुमेही पायाचे तज्ज्ञ किंवा अस्थिरोगतज्ज्ञ यांना गाठायचं.

पायाच्या अंगठ्याचा सांधा मध्यरात्री अचानक सुजून लाल झाला, चादरीचा स्पर्श सहन होईना, तर युरिक ॲसिडचा गाऊट. ऐन दुखण्यात रक्तातला आकडा नॉर्मल येऊ शकतो. दोन-तीन आठवड्यांनी परत तपासायचा. गुडघ्यामागची पाण्याची गाठ फुटून पोटरी सुजली तर ती हुबेहूब डीव्हीटीसारखी दिसते, तिथेही सोनोग्राफीच उलगडा करते.

हत्तीपाय मुंबई परिसरात आता क्वचित दिसतो. पण विदर्भातून किंवा बिहार-उत्तर प्रदेशातून इथे आलेल्या कुटुंबात एका पायाची जुनी, वाढत जाणारी सूज आणि मधूनमधून थंडीताप असेल तर डॉक्टरांना गाव सांगावं. जंतू रक्तात रात्री उतरतात, म्हणून रक्ताचा थेंब रात्री दहाच्या पुढे घेतात. जुन्या सुजेत जंतू सापडत नाहीत तरी पाय रोज साबणाने धुऊन, घडी-घडीत कोरडा करून ठेवला की तापाचे झटके कमी होतात आणि सूज वाढायची थांबते.

दोन्ही पायांची सूज

सर्वांत जास्त आढळणारं कारण कामाचं. सोसायटीच्या गेटवर बारा तासांची ड्युटी करणारे वॉचमन, जांभळी नाक्यावर दिवसभर उभे राहून माल दाखवणारे, रबाळे-महापेच्या कारखान्यात मशीनपाशी असणारे, आणि ऐरोलीच्या ऑफिसात नऊ तास खुर्चीत बसणारेही. पोटरी चालताना आवळते आणि रक्त वर ढकलते. ती हललीच नाही तर रक्त खाली तुंबतं आणि पाणी शिरेबाहेर झिरपतं. एप्रिल-मेच्या आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात शिरा आणखी सैलावतात. रक्त खाली परतू न देणाऱ्या शिरांतल्या झडपा निकामी झालेल्या असतील तर निळ्या गुठळ्यांसारख्या शिरा दिसतात, घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी तपकिरी पडते, खाजते. हा तपकिरी डाग आला की थांबायचं नाही. पुढची पायरी महिनोन्महिने न भरणारी जखम असते. व्हॅस्क्युलर सर्जनकडून, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडून, उभं राहून केलेली डॉपलर करून घ्या. झोपवून केली तर झडपांची गळती निसटते.

त्याखालोखाल औषधं, आणि इथे बराच पैसा तपासण्यांवर वाया जातो. बीपीची अम्लोडिपिन सुरू केल्यावर किंवा ५ची १० मिलिग्रॅम केल्यावर काही आठवड्यांत दोन्ही घोटे सुजले, धाप नाही, लघवी ठीक, वजन फारसं वाढलेलं नाही, तर गोळीवर संशय घ्या. ती धमन्या सैल करते, शिरा तशाच राहतात, म्हणून पाणी केशवाहिन्यांतून बाहेर पडतं. लघवीच्या गोळीने ही सूज उतरत नाही. डॉक्टर डोस कमी करतात, टेल्मिसार्टनसारखी जोड देतात किंवा गोळी बदलून सिल्निडिपिन देतात. गोळी आपल्या मनाने बंद केली तर सूज जाईल आणि बीपी १८०वर जाईल.

मेडिकलमधून सांगून आणलेल्या डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतात. बीपीच्या आणि लघवीच्या गोळीसोबत रोज घेतल्या तर मूत्रपिंड बसायचीही भीती. मधुमेहाची पायोग्लिटाझोन, नसांच्या दुखण्याची प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन, स्टेरॉइड, हार्मोनच्या गोळ्या, यांनीही सूज येते. गुडघेदुखीवर ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून मिळणाऱ्या, लेबल नसलेल्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. पुडी सुरू केल्यावर भूक वाढली, चेहरा गोल झाला, पाय सुजले तर ती पुडी डॉक्टरांना दाखवा. पण बरेच दिवस घेतलेली असेल तर एकदम थांबवू नका.

हृदयाच्या सुजेत धाप सोबत असते, जिना चढताना आधीपेक्षा लवकर दम लागतो, मानेच्या शिरा फुगलेल्या दिसतात. मूत्रपिंडाची सूज सकाळी डोळ्यांभोवती दिसते आणि लघवीला साबणासारखा, फ्लश केल्यावरही राहणारा फेस येतो. यकृताची असेल तर पायाआधी किंवा पायासोबत पोट फुगतं, डोळे पिवळे होतात, दंड आणि खांदे मात्र वाळतात. हिमोग्लोबिन खूप खाली गेलं किंवा खाण्यात प्रथिनंच नसली तरी सूज येते. एकट्या राहणाऱ्या, चहा-बिस्किटावर दिवस काढणाऱ्या आजी-आजोबांत हे बघावं. आणि वजन जास्त, जोरात घोरणं, दिवसा पेंगणं, सोबत दोन्ही पाय सुजलेले, तर झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. तो कोणी विचारत नाही, म्हणून तुम्हीच सांगा.

‘वय झालं की पाय सुजतातच’ हे वाक्य ऐकून सोडून देऊ नका. वयाने शिरा कमकुवत होतात हे खरं, पण नवी सूज ही नवीच गोष्ट आहे.

डॉक्टरांकडे काय घेऊन जायचं

आधी नेहमीचे फॅमिली डॉक्टर किंवा एमडी मेडिसिन. थेट हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन एक्स-रे काढून परत येण्यात आठवडा जातो. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, नुसती नावं आठवून सांगू नका. सोबत वजनाचे आणि टेपचे आकडे, आणि संध्याकाळी पाय सर्वांत जास्त सुजलेला असताना काढलेला फोटो, कारण सकाळी दहाच्या अपॉइंटमेंटला सूज उतरलेली असते.

पहिल्या फेरीत बीपी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), लघवीची साधी तपासणी, यकृताची तपासणी अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनासकट, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर आणि ईसीजी एवढं पुरतं. लॅबच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये साठ-सत्तर चाचण्या असतात, पण लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण त्यात आहे का ते विचारून घ्या. ते ३० मिलिग्रॅम प्रतिग्रॅमच्या वर गेलं तर क्रिएटिनिन नॉर्मल असूनही मूत्रपिंड गळत असू शकतं. धाप असेल तर टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि हृदयावरचा ताण दाखवणारी एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी. यातल्या साध्या तपासण्या महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा ‘आपला दवाखाना’ या सरकारी केंद्रात होतात का ते आधी विचारा.

घरी काय करायचं

धोक्याची कुठलीही खूण नसेल तर पाय उंच करणं हे पहिलं औषध. स्टुलावर पाय ठेवून टीव्ही बघणं म्हणजे पाय उंच करणं नव्हे. पाय छातीच्या पातळीच्या वर हवेत, म्हणजे पलंगावर आडवं पडून पोटरीखाली दोन उशा, टाच मोकळी. एका वेळी वीस मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. ज्यांना आडवं पडल्यावर धाप लागते त्यांनी हे करू नये. पायातलं पाणी एकदम वर येऊन हृदयावर ताण येतो.

बसल्याजागी दर तासाला टाचा टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, असं तीस वेळा. उभ्याने काम असेल तर टाचा उचलून खाली. वॉचमनच्या केबिनमध्ये हे कोणाला दिसतही नाही.

मीठ सगळं मिळून दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर. भाजीत कमी घातलं आणि ताटात लोणचं, पापड, फरसाण, मीठ लावून खारवलेली मासळी राहिली तर काही साधलं नाही. ‘लो सोडियम’ मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर ते घातक ठरू शकतं, विचारल्याशिवाय आणू नका. पाणी पिणंही आपल्या मनाने तोडू नका. ते फक्त हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताच्या रुग्णाला डॉक्टर मोजून देतात.

शेजारच्या काकांना उतरली म्हणून त्यांची लघवीची गोळी घेणं ही सर्रास होणारी चूक आहे. सोडियम-पोटॅशियम घसरतं, म्हातारी माणसं गोंधळतात, रात्री बाथरूमकडे जाताना चक्कर येऊन पडतात आणि खुबा मोडतो. शिरांच्या सुजेवर तिचा उपयोगही टिकत नाही.

दाबाचे मोजे शिरांच्या सुजेवर खरोखर काम करतात, पण निम्मे लोक ते आठवड्यात टाकून देतात, कारण माप संध्याकाळी सुजलेल्या पायाचं दिलेलं असतं. माप सकाळी उठल्याबरोबर: घोट्याचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा सर्वांत जाड घेर आणि गुडघ्याखालपासून टाचेपर्यंत लांबी. उभं राहायच्या कामासाठी १५ ते २० एमएमएचजी दाबाचा (हे एकक पाकिटावर लिहिलेलं असतं) गुडघ्याखालचा मोजा बस झाला. २० ते ३०चा डॉक्टरांनी सांगितला तरच. आधी पावलाची नाडी लागते का ते तपासून घ्या. थोडं चालल्यावर पोटरीत वांब येतो, पाय गार आणि फिकट असतो, मधुमेह जुना आहे, अशांच्या धमन्या अरुंद असू शकतात आणि मोज्याने उरलासुरला रक्तपुरवठाही तुटतो. घालायची वेळ बिछान्यातून पाय खाली सोडायच्या आधी, काढायची वेळ झोपताना. मोजा टाचेपर्यंत उलटा करून पाऊल घालायचं, मग वर चढवायचा, सुरकुती एकही नाही. वरची कड दुमडली तर तिथे दोरीसारखा फास बसतो आणि खालची सूज वाढते. आमच्या मते उकाड्यात नऊ तास सहन होणारा हलका मोजा कपाटात पडलेल्या जाड मोज्यापेक्षा बरा. सहा महिन्यांत मोजा सैल पडतो, बदलावा लागतो. क्रेप बँडेज हा पर्याय नाही. तासाभरात सरकून त्याचा पट्टा होतो.

गणपतीला कोकणात जाताना बस हायवेवर अडकून आठ-दहा तास पाय लोंबकळत राहतात. चार तासांवरच्या कुठल्याही प्रवासात गाठीचा धोका वाढतो. बस थांबेल तिथे उतरून पाच मिनिटं चाला, सीटखाली बॅग कोंबून पायांची जागा अडवू नका, बाथरूमच्या भीतीने पाणी पिणं सोडू नका, झोपेची गोळी घेऊन आखडून झोपू नका. आधी गाठ झालेली असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा गरोदरपण असेल तर निघायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. पोचल्यावर दोन्ही घोटे थोडे सुजलेले असणं चालतं, एक-दोन रात्रींत ते उतरतात. नाही उतरले, किंवा परतल्यावर दोन-तीन आठवड्यांतही एकच पोटरी दुखून सुजली, तर डॉक्टरांना प्रवासाची तारीख सांगा आणि डॉपलर करून घ्या.